दूध, पणती आणि आजीचा हात

आपल्या मासिकाच्या मराठी विभागात दरवर्षी कविता असतात, ट्रेकची वर्णनं असतात, आणि 'हॉस्टेलमधली शेवटची रात्र' तर ठरलेलीच. यंदा संपादक मंडळातला एक मित्र "अरे, मराठीत काहीतरी टेक्निकल लिही की!" म्हणून मागेच लागला. टेक्निकल म्हणण्यासारखी माझ्याकडे एकच गोष्ट आहे, ती म्हणजे माझा बी.ई.चा प्रोजेक्ट. आणि त्या प्रोजेक्टमधली एक चूक. ती मला सहा महिने दिसली नाही, पण सातवीपर्यंत शिकलेल्या माझ्या आजीला पहिल्या नजरेत दिसली. तिचीच ही गोष्ट. गणित कमीत कमी ठेवतो. अगदीच टाळत मात्र नाही, शेवटी आपण इंजिनिअर आहोत!

आधी एक प्रयोग. आज रात्री रूममधला दिवा घालवा आणि मोबाईलचा टॉर्च बोटांच्या खाली धरा. बोटांच्या कडा लालभडक दिसतील. आता नीट बघा, आतली हाडं दिसतात का? नाही दिसत. प्रकाश आरपार तर आलाय, पण सरळ रेषेत आलेला नाही. तो आत शिरला, इकडे तिकडे भटकला आणि भलतीकडूनच बाहेर पडला. या भटकंतीलाच कॉम्प्युटर ग्राफिक्समध्ये 'सबसरफेस स्कॅटरिंग' म्हणतात, म्हणजे पृष्ठभागाखाली होणारं प्रकाशाचं विकिरण. त्वचा, दूध, मेण, संगमरवर, झाडाचं पान, बटाटा, साबण या सगळ्या अर्धपारदर्शक वस्तूंचा मऊपणा यातूनच येतो.

प्लास्टरचा हात

माझा प्रोजेक्ट असा होता: सी प्लस प्लसमध्ये स्वतःचा रे ट्रेसर लिहायचा आणि त्यातून एकच चित्र काढायचं. पेटलेली पणती आणि वाऱ्यापासून ज्योत जपणारा आजीचा हात. आदल्या दिवाळीत काढलेले तिच्या हाताचे फोटो समोर ठेवून मी ब्लेंडरमध्ये हाताचं मॉडेल केलं. सुरकुत्या, नखं, मनगटावरच्या शिरा, सगळं घातलं.

पहिलं चित्र आलं आणि हिरमोड झाला. आकार हाताचा होता, पण वस्तू प्लास्टर ऑफ पॅरिसची. ज्योतीकडची बाजू उजळ, पलीकडची काळी, आणि मध्ये कुऱ्हाडीने तोडल्यासारखी सावलीची रेघ. रंग बदलून पाहिला, तर प्लास्टरला रंग दिल्यासारखं दिसलं.

दोष मॉडेलचा नव्हता, मी वापरलेल्या नियमाचा होता. साध्या रे ट्रेसरमध्ये पृष्ठभागाचं वागणं बीआरडीएफ नावाच्या फलनाने सांगतात. त्याचा करार सरळ आहे: प्रकाश ज्या बिंदूवर पडला त्याच बिंदूवरून तो परत फिरणार. कुठल्या दिशेला किती जाईल, एवढंच ठरवायचं. स्टीलचा डबा, ऑइलपेंट मारलेलं कपाट, यांच्यासाठी हा करार उत्तम चालतो. हातासाठी तो खोटा आहे.

चढला एका दाराने, उतरला दुसऱ्याने

संध्याकाळी दादरला लोकलच्या एका दारातून आत शिरलेला माणूस कुठल्या दारातून बाहेर पडेल हे त्याच्या हातात नसतं. गर्दी ढकलेल तसा तो सरकतो. त्वचेत शिरलेल्या प्रकाशाचंही तसंच. पृष्ठभागावर त्याचं अपवर्तन होतं, मग आत पेशी, तंतू, मेदाचे कण यांच्यावर आपटून त्याची दिशा पुन्हा पुन्हा बदलते. काही प्रकाश वाटेतच शोषला जातो. उरलेला पृष्ठभागाशी परत पोचला की बाहेर पडतो, पण शिरला होता त्या जागेपासून थोडा दूर.

हे सगळं सांगणारं व्यापक फलन म्हणजे बीएसएसआरडीएफ. फ्रेड निकोडेमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली त्याची रीतसर व्याख्या मांडली. त्यात दोन बिंदू असतात: प्रकाश आत शिरला तो आणि बाहेर पडला तो. दोन्ही बिंदू एकच मानले की ते आपल्या नेहमीच्या बीआरडीएफवर येतं.

इथे एककं बघून ठेवा. बीआरडीएफचं एकक आहे 'प्रति स्टेरेडियन'. त्यात लांबी कुठेच नाही. बीएसएसआरडीएफचं एकक आहे 'प्रति चौरस मीटर प्रति स्टेरेडियन'. मी हे वाक्य सेमिनार रिपोर्टमध्ये स्वतःच्या हाताने टाईप केलं होतं आणि त्याचा अर्थ मला कळला नव्हता. हाच 'चौरस मीटर' पुढे मला आडवा आला.

मेसचं दूध

पदार्थाच्या आत काय चाललंय हे सांगायला मुख्यतः दोन आकडे लागतात. एक शोषण गुणांक, म्हणजे दर मिलिमीटरला किती प्रकाश गिळला जातो. दुसरा विकिरण गुणांक, म्हणजे दर मिलिमीटरला किती वेळा दिशा बदलते. दुधात आणि त्वचेत प्रकाश प्रत्येक टकरीला थोडासाच वळतो आणि बहुतेक पुढेच जातो. म्हणून अशा अनेक छोट्या वळणांचं मिळून एक 'पुरतं' वळण धरतात आणि तो घटवलेला गुणांक वापरतात.

२००१ साली हेन्रिक वान येन्सन, स्टीव्ह मार्शनर, मार्क लेव्हॉय आणि पॅट हॅनरहान या चौघांनी एका शोधनिबंधात कितीतरी रोजच्या पदार्थांचे हे आकडे मोजून दिले. त्यात सफरचंद, चिकन, केचप, बटाटा, संगमरवर, त्वचा आणि दोन प्रकारचं दूध आहे. दुधाचा घटवलेला विकिरण गुणांक, प्रति मिलिमीटर, असा आहे:

साय काढलेलं दूध: लाल ०.७०, हिरवा १.२२, निळा १.९०
पूर्ण दूध: लाल २.५५, हिरवा ३.२१, निळा ३.७७

साय काढलेल्या दुधात निळ्याचं विकिरण लालच्या पावणेतीन पट आहे. पूर्ण दुधात ते जेमतेम दीडपट. कारण दुधातले प्रथिनांचे (केसीनचे) कण फार बारीक असतात, ते निळा प्रकाश जास्त विखुरतात. मेदाचे गोळे त्यापेक्षा बरेच मोठे, ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. मेद काढला की निळसर झाक उरते. आपल्या मेसच्या ग्लासात सकाळी दिसते ती हीच!

मी हे मेसच्या काकांना सांगितलं. काका म्हणाले, "पाणी नाही घालत हो आम्ही." त्यांना न्याय द्यायला हवा. नुसतं पाणी घातलं तर तिन्ही रंगांचे आकडे साधारण एकाच प्रमाणात कमी होतील आणि निळ्या-लालाचं गुणोत्तर तेच राहील. गुणोत्तर बदलायला साय काढावी लागते. तेव्हा झाक निळसर असेल तर संशय पाण्यावर नको, सायीवर घ्या. (साय कुठे जाते हा विषय कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या कक्षेबाहेरचा आहे.)

एक दिवा आत, एक बाहेर

आता अडचण बघा. पूर्ण दुधात लाल प्रकाशाचा शोषण गुणांक फक्त ०.००११ आहे. म्हणजे सरासरी २३०० पुरत्या वळणांमागे एकदा शोषण. प्रत्येक किरणाची एवढी भटकंती मोजत बसलो तर एक ग्लास दूध रंगवायला सेमिस्टर जाईल.

पण एवढी वळणं झाल्यावर प्रकाश कुठून आला होता हे तो विसरतो. सगळ्या दिशांना सारखाच पसरतो, खोलीत उदबत्तीचा वास पसरावा तसा. मग एकेका किरणाचा माग काढायची गरज उरत नाही, विसरणाचं समीकरण पुरतं. २००१ च्या त्या निबंधाने यासाठी 'डायपोल' नावाची युक्ती वापरली. तिचं मूळ ग्राफिक्समध्ये नाही, वैद्यकीय भौतिकशास्त्रात आहे. फॅरेल, पॅटरसन आणि विल्सन यांनी १९९२ मध्ये शरीराच्या ऊतींचे प्रकाशीय गुणधर्म, त्वचा न कापता, बाहेरूनच मोजण्यासाठी ती मांडली होती.

युक्ती फर्स्ट इयरच्या माणसालाही ओळखीची वाटेल. वाहक पत्र्यासमोर विद्युतभार ठेवला की आपण पत्र्याच्या पलीकडे उलट चिन्हाचा एक काल्पनिक भार धरतो आणि सीमेची अट पुरी करतो. इथेही तेच. प्रकाश जिथे आत शिरला त्याच्या खाली, एका माध्य मुक्त पथाइतक्या खोलीवर, एक धन दिवा कल्पायचा. पृष्ठभागाच्या वर, हवेत, एक ऋण दिवा कल्पायचा. दोघांची बेरीज केली की बाजूच्या कुठल्याही बिंदूतून किती प्रकाश बाहेर येईल याचं सुटसुटीत सूत्र मिळतं. त्या सूत्रातून एक लांबी निघते, तिला मी 'पसराची लांबी' म्हणतो. शोषण गुणांकाला शोषण आणि घटवलेलं विकिरण यांच्या बेरजेने गुणा, त्याला ३ ने गुणा, वर्गमूळ काढा आणि उलटा करा. निबंधातल्या आकड्यांवरून उत्तरं अशी येतात, मिलिमीटरमध्ये:

पूर्ण दूध: लाल १०.९, हिरवा ६.६, निळा २.५
संगमरवर: लाल ८.५, हिरवा ५.६, निळा ४.०
मोजलेली एक त्वचा: लाल ३.६७, हिरवा १.३७, निळा ०.६८

त्वचेची ओळ परत वाचा. लाल प्रकाश निळ्याच्या पाचपटीहून जास्त लांब पसरतो. टॉर्चवर बोटं लाल दिसतात ती यामुळे, कारण रक्त हिरवा-निळा प्रकाश जास्त गिळतं. उन्हात गालावर सावलीच्या कडेला किंचित तांबूस पट्टा दिसतो तोही याचमुळे. प्लास्टरला असा पट्टा नसतो.

हे गणित लगेच पडद्यावर आलं. २००२ च्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज: द टू टॉवर्स'मधला गॉलम आठवा. त्याची कातडी जिवंत वाटली त्यात याचा मोठा वाटा होता. २००४ मध्ये अमेरिकेच्या चित्रपट अकादमीने येन्सन, मार्शनर आणि हॅनरहान यांना या संशोधनासाठी तांत्रिक पुरस्कार दिला. ते प्रत्यक्ष चित्रपटात उतरवल्याबद्दल ख्रिस्तोफ एरी, केन मॅकगॉ आणि जो लेटेरी यांनाही त्याच वर्षी पुरस्कार मिळाला. हॅनरहान पुढे एड कॅटमल यांच्याबरोबर २०१९ च्या ट्युरिंग पारितोषिकाचे मानकरी झाले.

काळा हात, मेणाचा हात

मी डायपोल लिहिला. हाताच्या पृष्ठभागावर २००० बिंदू पसरले, प्रत्येकावर पणतीचा किती प्रकाश पडतो ते मोजलं, आणि मग प्रत्येक पिक्सेलसाठी त्या सगळ्यांची बेरीज केली. चित्र आलं ते जवळजवळ काळं.

कारण शोधायला हवं होतं. पण सबमिशन जवळ आलं होतं, आणि आपण जे करतो तेच मी केलं. सूत्रातल्या अंतराला एक गुणक लावला आणि तो वाढवत नेला. १०, ५०, १००. चित्र उजळू लागलं. २५० ला तर बहारच आली! बोटं आतून पेटल्यासारखी दिसू लागली. ५०० करून पाहिलं तर त्वचेवर देवीच्या व्रणांसारखे डाग पडले. परत २५० वर आलो. कोडमध्ये त्याला नाव दिलं 'ब्युटी फॅक्टर'. रूम पार्टनरने टाळ्या वाजवल्या.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा लॅपटॉप उघडून आजीला चित्र दाखवलं. म्हटलं, "आजी, ओळख पाहू हात कुणाचा?"

तिने चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "माझ्यासारखा आहे खरा. पण बाहुलीचा वाटतोय रे. मेणाच्या बाहुलीचा."

मी हसलो. तिला कॉम्प्युटर ग्राफिक्समधलं काय कळणार, असं मनात म्हटलं आणि लाडू खायला बसलो.

"०.१८ काय?"

मे महिन्यात व्हायवा. एक्स्टर्नल मॅडमनी चित्र बघितलं, "छान" म्हणाल्या, आणि शांतपणे विचारलं, "या हाताची लांबी किती?"

"०.१८."

"०.१८ काय?"

"युनिट, मॅडम."

"युनिट म्हणजे? मीटर? सेंटिमीटर? वीत?"

"ब्लेंडरमध्ये मीटर असतात, मॅडम."

"आणि त्वचेचे गुणांक?"

"प्रति मिलिमीटर." हे म्हणता म्हणताच माझ्या पोटात गोळा आला.

"मग हा २५० कुठून आला?"

मी गप्प. 'चांगला दिसला म्हणून' हे उत्तर व्हायवात देता येत नाही. मॅडमनी माझ्याच रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या पानावर गुणाकार केला. ०.१८ गुणिले २५० बरोबर ४५. "म्हणजे तुमच्या प्रोग्रॅमच्या मते हा हात ४५ मिलिमीटरचा आहे. साडेचार सेंटिमीटर. तुम्ही बाहुलीचा हात काढलाय."

अगदी हाच शब्द! सहा महिन्यांपूर्वी घरच्या झोपाळ्यावर बसून आजीने सांगितलेला.

रूमवर येऊन हिशेब मांडला तेव्हा सगळं उलगडलं. मीटरचे मिलिमीटर करायला गुणक १००० हवा होता. मी गुणक लावला नव्हता तेव्हा प्रोग्रॅम ०.१८ मिलिमीटरचा हात रंगवत होता. एवढ्याशा पृष्ठभागावर बेरीज करायला प्रकाशच नाही, म्हणून चित्र काळं. २५० ला बोट खऱ्याच्या चौथ्या हिश्शाचं झालं. १५ मिलिमीटर जाडीच्या बोटातून लाल प्रकाश, नुसती घातांकी घट धरली तर, २ टक्क्यांहून कमी पार होतो. तेच बोट पावणेचार मिलिमीटरचं केलं की ३६ टक्के. म्हणजे मेणबत्तीच.

आणि ५०० ला पडलेले डाग? ती तर खरी सूचना होती. दोन नमुना-बिंदूंमधलं अंतर माध्य मुक्त पथापेक्षा जास्त असून चालत नाही. त्वचेत निळ्या प्रकाशासाठी हा पथ सुमारे ०.६७ मिलिमीटर आहे. हाताचं क्षेत्रफळ ४०० चौरस सेंटिमीटर धरलं तर साधारण २८,००० बिंदू लागतात. माझ्याकडे होते २०००. खऱ्या मापाकडे जाताना प्रोग्रॅम ओरडून सांगत होता की बिंदू कमी पडतायत, आणि मी त्याला गप्प करून परत बाहुलीकडे वळलो.

२८,००० बिंदू आणि ६४० बाय ४८० चित्राचे ३,०७,२०० पिक्सेल, म्हणजे प्रत्येक रंगासाठी सुमारे ८६० कोटी बेरजा. यावरचा उपाय येन्सन आणि बुहलर यांनी २००२ मध्येच दिलेला आहे: बिंदू ऑक्ट्रीमध्ये ठेवायचे, जवळचे एकेक मोजायचे, दूरच्यांचा गठ्ठा करून एकच बिंदू धरायचा. तो लिहायला मला दोन रात्री लागल्या. व्हायवाआधी लिहिला असता तर मार्क वाचले असते. असो.

आजीला काय दिसलं?

आता त्या 'चौरस मीटर'कडे परत येऊ. परावर्तनाला माप नसतं. स्टीलची वाटी तळहाताएवढी असो की घंगाळाएवढी, त्याच दिव्यांच्या तशाच मांडणीत तिच्यावरचा छायाप्रकाश सारखाच दिसेल. बीआरडीएफमध्ये लांबी नाही ती याचमुळे. पण पृष्ठभागाखालच्या विकिरणात मिलिमीटर पक्के बसलेले असतात. त्वचेतला लाल प्रकाश ३.६७ मिलिमीटर पसरतो, मग ती त्वचा बाळाची असो की पहिलवानाची. बाळाच्या पातळ कानातून ऊन लाल होऊन पार येतं, पहिलवानाच्या जाड कानातून तेवढं येत नाही. संगमरवराच्या नाजूक जाळीतून उजेड झिरपतो, त्याच दगडाचा खांब भक्कम दिसतो. वस्तू किती मऊ दिसते यावरून डोळा ती किती मोठी आहे हे ओळखतो, आणि हे आपण जन्मभर नकळत शिकत असतो. आजीला सूत्र येत नव्हतं, पण उत्तर चुकलंय हे येत होतं.

नवं चित्र बरोबर आहे असा माझा दावा नाही. डायपोल सपाट आणि खोलच खोल पदार्थ धरतो. बोटांच्या फटीत आणि नखांच्या कडेला तो चुकतो. त्वचेला थर असतात. वरच्या थरातलं मेलॅनिन आणि खालच्या थरातलं रक्त यांचा वेगळा हिशेब करावा लागतो, आणि त्यासाठी डॉनर आणि येन्सन यांचं २००५ चं बहुथरी मॉडेल आहे. मी वापरलेले आकडे कुणा दुसऱ्याच माणसाच्या त्वचेचे आहेत, आजीच्या सावळ्या हाताचे नाहीत. २०१५ मध्ये पिक्सार आणि डिस्नेच्या ख्रिस्टनसन आणि बर्ली यांनी फक्त दोन घातांकी पदांचं आणखी सोपं सूत्र दिलं. आता तर ब्लेंडरच्या सायकल्समध्ये 'रँडम वॉक' निवडून थेट भटकंतीच मोजता येते. त्यातही 'रेडियस'चे तीन आकडे भरावे लागतात, लाल, हिरवा, निळा. ते लांबीचे आकडे आहेत. भरण्याआधी आपलं मॉडेल कुठल्या मापात आहे ते बघा.

करून बघा

ज्युनिअर मंडळींनो, एक संध्याकाळ काढा. लेसर पॉइंटर घ्या (डोळ्यात नको, चकचकीत वस्तूवरही नको) आणि खोलीत अंधार करून तो एकेका वस्तूवर सरळ धरा: कागद, साबणाची वडी, कापलेला बटाटा, मेणबत्ती, मेसच्या दुधाचा ग्लास. प्रत्येक ठिकाणी ठिपक्याभोवतीचं तेजोवलय किती मिलिमीटर आहे ते पट्टीने मोजा आणि वहीत लिहा. मिलिमीटर हा शब्दही लिहा. प्रोग्रॅम त्यानंतर लिहा.

आणि कोडमध्ये कुठल्याही आकड्याला 'ब्युटी फॅक्टर' असं नाव द्यावंसं वाटलं, तर तिथेच थांबा. त्या आकड्याला एकक आहे का, असेल तर कुठलं, हे स्वतःला विचारा. मला हे व्हायवात कुणीतरी विचारावं लागलं.

नवं चित्र मी आजीला मोबाईलवर पाठवलं. गुणक १०००, बिंदू २८,०००. बोटं आता पेटलेली नाहीत, फक्त त्यांच्या कडांना थोडी लाली आहे. रात्री तिचा फोन आला.

"आता माझा हात दिसतोय हो," ती म्हणाली. "पण बांगड्या कुठं गेल्या?"

बांगड्या काचेच्या आहेत. तो पुढच्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट.

(अंतिम वर्ष, संगणक अभियांत्रिकी)